नुसत्या तेलाच्या सहा जणी

धारवाडात भेटेल तो विचारतो, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. उत्तराला थांबतंय कोण! सप्तापूरच्या भाड्याच्या खोलीतून मी रोज डबा न्यायचे आणि प्राणिगृहात उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी बसून खायचे. बाकीचे संशोधक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी जाऊन बसले की त्यांच्या गप्पाच थांबायच्या.

पिंजऱ्यांत बारा माद्या होत्या, सगळ्यांची अंडाशयं काढलेली. सहा जणींना तेलातून स्त्री-हार्मोनचं इंजेक्शन, सहा जणींना नुसतंच तेल. हार्मोनशिवाय यकृतातलं एक एन्झाइम मंदावतं, एवढं दाखवलं की माझी पीएचडी झाली. पाच वर्षं घातली होती मी त्यात.

नुसत्या तेलवाल्यांची मला भारी दया यायची. त्यातली सात नंबरची तर डबा उघडला की जाळीला नाक लावायची. एकदा तिला भाजीतला सोयाबीनचा तुकडा दिला, तर बाकी पाच जणी टकामका बघत बसल्या! पंक्तिप्रपंच करू नये, हे आईनं शिकवलेलं. सहाही जणींना दिला. मग रोजचंच झालं ते.

शेवटी बाराही जणींची यकृतं काढून तपासली, तर नुसत्या तेलवाल्यांचंही एन्झाइम चांगलंच चढलेलं. माझे मार्गदर्शक शेषगिरी सर भडकले. "मध्येच पिंजऱ्यांची अदलाबदल झालीय. त्या पुंडलिकाला काढून टाका!" पुंडलिकअण्णा पिंजरे सांभाळतात, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. बिचारे हात बांधून नुसते उभे.

मला माझा डबा आठवला. सोयाबीनमध्ये त्या हार्मोनासारखंच काम करणारं द्रव्य असतं, म्हणून तर उंदरांसाठी सोयाबीन नसलेलं खाद्य मुद्दाम मागवतो. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मीच लिहिलंय की हे! काय अकलेचे दिवे लावले होते मी.

"सर, अण्णांचं काही चुकलं नाही. मी दिलं उंदरांना, माझ्या डब्यातलं सोयाबीन."

"वेड लागलंय का स्मृती तुम्हाला? कशासाठी?"

"एकटीला घास उतरत नाही, सर."

अण्णांची नोकरी वाचली. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. वर्ष गेलं त्याचं वाईट वाटलंच, पण माझ्या पंगतीतल्या सहा जणी माझ्यामुळेच फुकट मेल्या, ते जिवाला लागलं.

आता नव्या बारा आल्यात. प्राणिगृहात डबा न्यायला बंदी, म्हणून मी बाहेर कट्ट्यावर बसते. परवा पुंडलिकअण्णा खाद्याची बादली घेऊन निघाले होते.

"ऊट आतेन्री, अक्का?" विचारता विचारता ते आतही गेले.

"हो, झालं," मी म्हटलं. डबा मांडीवर होता, झाकणसुद्धा काढलं नव्हतं.