डूख धरलेला सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने मुळीच चांगला नाही. मी डूख धरतो, हे आधीच सांगून ठेवतो.

छातीच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. रोगी डबीत बेडका आणून देत. लॅबमधल्या ताई तो काचपट्टीवर पसरून रंगवत, वर तेलाचा थेंब टाकून माझ्या भिंगाखाली सरकवत. निळ्यावर लाल काड्या दिसल्या, की समजावं क्षयरोग. काम झालं की ताई माझं भिंग मऊ कागदाने पुसून म्हणत, "शाबास रे म्हाताऱ्या!" मी नवाकोरा होतो, तेव्हापासून त्या मला म्हाताराच म्हणत.

एकदा कारखान्यात पॅकिंग करणारी एक बाई आली. इतकी हसरी, की खोकतानाही मध्येच हसायची. तिच्या पट्टीवर मला लाल काड्या दिसल्या. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात तिच्या अंगावर मांस चढू लागलं. तेवढ्यात कारखान्याच्या मॅनेजरला तिच्या पिशवीत गोळ्या सापडल्या. "खोकणाऱ्यांचा बाजार भरवलाय का इथे?" असं चारचौघांत ओरडून त्याने तिला हाकललं. दुसरीकडे काम मिळालं, तेव्हा तिने भीतीने गोळ्याच सोडल्या. पाच महिन्यांनी तिची पट्टी पुन्हा माझ्याखाली आली. ती लालेलाल होती. पुढे तिची लेक रिकामी डबी परत द्यायला आली, तेव्हा आई गेल्याचं आम्हाला कळलं.

दात असते, तर मी दातओठ खाल्ले असते. त्या दिवसापासून मी त्या मॅनेजरची वाट बघू लागलो.

आणि मित्रांनो, तो आला. दोन महिने खोकत होता आणि कारखान्याच्या मालकाने त्याला तपासणीचा कागद आणायला सांगितलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं! त्याने स्वतःच्या नावाच्या डबीत आपल्या ड्रायव्हरला थुंकायला लावलं. ड्रायव्हर पैलवान गडी. सिगारेटमुळे जरा खोकतो, एवढंच सगळ्यांना वाटे.

ताईंनी पट्टी सरकवली आणि मी बघतच राहिलो. लाल काड्याच काड्या!

ताईंनी मॅनेजरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. पण तो रांगेला ऐकू जाईल असा किंचाळला, "शक्यच नाही! ती थुंकी माझी नाहीच! या ड्रायव्हरची आहे!"

ड्रायव्हर त्याची बॅग धरून मागेच उभा होता. त्याच्या पायाखालची वाळू सरकली. "ताई, माझी पोरगी अजून तान्ही आहे हो," एवढंच तो बोलला.

ताईंनी दोघांच्याही नव्या डब्या घेतल्या. दोघांतही काड्या निघाल्या. मॅनेजरने हात जोडले, "कारखान्यात कळू देऊ नका."

"तीही हेच म्हणाली होती, साहेब," ताई म्हणाल्या.

ताईंनी तोंड उघडलं नाही. पण रांगेतल्या कानांना कोण अडवणार? चार दिवसांत मालकाने त्याला त्याचाच नियम लावून घरी बसवलं. मग तो रोज सकाळी, ती बाई बसायची त्याच बाकावर बसून, नर्ससमोर गोळ्या गिळायचा. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

ड्रायव्हर खडखडीत बरा झाला. त्याच्या पोरीलाही वेळेत तपासलं. मॅनेजरची शेवटची पट्टी आली, तेव्हा मला तीत एक तरी लाल काडी हवी होती. ताई कोपरान्‌कोपरा बघत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, असू दे, एक तरी असू दे. एकही नव्हती. नसलेलं दाखवायला मला येत नाही, म्हणून तो सुटला. माफ मात्र मी त्याला केलेलं नाही.

आता नवं यंत्र आलं आहे आणि मी कपाटात आहे. माझं भिंग पुसू नका हवं तर. पण मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी खोकलं, तर त्याला दवाखान्याची वाट दाखवा आणि त्याच्या गोळ्यांना नावं ठेवू नका. त्या हसऱ्या बाईची गोळ्या पुऱ्या झाल्यावरची स्वच्छ पट्टी माझ्या भिंगाखाली कधी आलीच नाही.