सॉर्गमचे दात

संथ कदम!

कर्ण्यातून निवेदकाची आज्ञा आली आणि नेल्डा टिडवेल सॉर्गमला घेऊन रिंगणात शिरली. तांबूस घोडी, पायांत साधे नाल. बाकीच्या चार घोड्यांच्या पुढच्या खुरांखाली उंच ठोकळे, घोट्यांभोवती साखळ्या. छुन, छुन, छुन.

गर्दीतून कोणी ओरडलं, "नेल्डा, घोडीचे बूट घरी राहिले का गं?"

माझ्या शेजारी कठड्याला रेलून तिचा बाप हर्शेल उभा होता. "डॉयल," तो म्हणाला, "माझ्या घोडीची तू गाय केलीस."

खरं आहे. टिडवेलांच्या तबेल्यात बावीस वर्षं ठोकळे ठोकणारा नालबंद मीच, आणि मंगळवारी सॉर्गमचे उपटणाराही मीच.

बाप-लेकीची पैज लागली होती. घोडीचा मागचा खूर पुढच्या ठशाच्या अठरा इंच पलीकडे पडला, तर तबेल्यात उरलेल्या हर्शेलच्या पाचही घोड्यांचे ठोकळे उतरणार. कमी पडला, तर सॉर्गमला पुन्हा ठोकळे, पुन्हा साखळी. मोजपट्टी माझ्या खिशात.

रवाळ चाल!

मान वर, मान खाली, वर, खाली, मागचे पाय लांब, आणखी लांब, नेल्डा खुर्चीत बसल्यासारखी, टोपीसुद्धा हलेना, बाकीचे चौघे पुढचे पाय छातीपर्यंत फेकतायत, लोक शिट्ट्या मारतायत, त्यांनाच, सॉर्गमला नाही, आणि हर्शेल पुटपुटतोय, "बघ, बघ, कोणी बघतंय का तिच्याकडे?"

तो मात्र बघत होता.

उलट फिरा!

मीही फिरतो, मागे. गेला रविवार, चर्चनंतर, नेल्डाच्या स्वयंपाकघरात बिस्किटं आणि ग्रेव्ही.

"पाय उंच उचलावेत म्हणून कातडी जाळणारं तेल मी आयुष्यात कुठल्या घोड्याला लावलं नाही," हर्शेल म्हणाला. "ते करणारे हरामखोर वेगळे. साखळीचं काय एवढं? बांगडी आहे बांगडी."

"मग घाला ना डॅडी, ती बांगडी."

त्याने घोट्याला घातली. हट्टाने दुपारभर अंगणात फिरला, शेजाऱ्यांना हात करत. संध्याकाळी मोजा काढला तर मोज्याबरोबर थोडी कातडीही आली.

"मोजा भिकार आहे," तो म्हणाला.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"रिंगणाआधी घोड्यांचे घोटे दाबून बघणाऱ्या तपासणीवाल्या बाईंनी तिथेच अंगठा दाबला तर पाय हलवाल?"

"केसभरही नाही!"

"तुमचे घोडेही हलत नाहीत, डॅडी. दुखलं तरी न हलायला कोणी शिकवलं त्यांना?"

हर्शेलने उरलेल्या बिस्किटाचा तुकडा मोडला आणि खाल्लाच नाही. मग म्हणाला, "अठरा इंच. बोल, आहे हिंमत?"

रांगेत या!

चौघे येऊन थांबले. साखळ्या थांबल्या. नेल्डा अजून रिंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात होती, ती एकटीच चालत आली. आणि त्या शांततेत ऐकू आलं.

टक. टक. टक.

मान खाली गेली की एक टक. सॉर्गमचे दात! अंग सैल सोडून चालणाऱ्या घोडीचे वाजतात तसे, अगदी तालात.

हर्शेल कठड्यावरून सरळ झाला. "माझ्या डॅडींची राखाडी घोडी अशी वाजायची," तो म्हणाला. "मका पेरताना. आम्ही पोरं तिच्या मागे टाळ्या वाजवत चालायचो." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "ही कधीपासून वाजतेय?"

"मला काय माहीत? तुझ्या तबेल्यात साखळ्यांपुढे काही ऐकू येतं का?"

निकाल लागला. पाच घोड्यांत सॉर्गम पाचवी. नेल्डा फीत हलवत आमच्याकडे आली, जणू जिंकलीच.

"डॉयल, मोजलंस?"

मी कठड्यावरून उडी मारली. पण जत्रेचा ट्रॅक्टर लोखंडी दाताळं ओढत माझ्याआधी पोचला होता. गरगर एक फेरा, आणि माती घडी केलेल्या चादरीसारखी साफ. एक ठसा उरला नाही.

नेल्डाचा चेहरा पडला. "मग पैज?"

हर्शेलला सुटायला एवढं पुरे होतं. पण त्याने घोडीच्या नाकावर हात ठेवला. "डॉयल, उद्या सकाळी सहाला ये. पकड आण. पाच घोडे आहेत."

"पण मोजलं कुठे?" मी विचारलं.

"मी काय बहिरा आहे?"

नेल्डाने खोगिरावरूनच वाकून त्याची टोपी उडवली. त्याने ती उचलली आणि ट्रेलरकडे निघाला, दुखऱ्या पायावर किंचित लंगडत, पावलागणिक मान हलवत. त्याची कवळी तोंडात वाजत होती.

टक. टक. टक.