दाराकडून सुरू केलेली फरशी

फरशीवाला अडकला, आणि तोही स्वतःच बसवलेल्या फरशीत! बघा ना, सतरा वर्षं हेच काम करतोय बिचारा. फरशी आतल्या भिंतीकडून सुरू करायची आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडायचं, हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात. पण तसं केलं की पाठ दाराकडे येते. आणि शेजारच्या खोलीत मेव्हणा काम करत होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो कधी दारात येऊन उभा राहील नेम नाही. आला असता तर त्याला दिसलं असतं, की भाऊजी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवतात!

म्हणून पठ्ठ्यानं दाराकडे तोंड करून, दारापासूनच सुरुवात केली, म्हणजे तो येताना आधीच दिसेल. भिंतीलगत एका लादीएवढी वाट मोकळी ठेवली, तिथून हळूच बाहेर येऊ म्हणाला. आणि कोपऱ्यात पोचल्यावर उठायला गेला, तर गुडघा आतून सटकन निसटला आणि वाकलेला तसाच अडकला. सरळ होईना की काय होईना. समोर सगळी ओली फरशी, हात लावला तरी लादी हलेल. वाट एवढीशी, आणि वाकडा पाय निम्मा बाहेर.

घामानं डोळे चुरचुरायला लागले. वाजले होते सव्वाचार. पाचच्या आत दवाखान्यात फोन करायचा होता, गुरुवारच्या ऑपरेशनला हो किंवा नाही. नाही म्हणालात तर नंबर दुसऱ्याला, मग चार महिने विसरा.

घरी त्यानं सांगितलं होतं, "काही नाही, मलम दिलंय."

डॉक्टर खरं काय म्हणाले होते? "गुडघ्याची आतली बाजू पार झिजलीय. पूर्ण गुडघा बदलायला तुमचं वय नाही, एकोणचाळिशीच्या माणसाचा तो जन्मभर पुरायचा नाही. आणि नुसता अर्धा बदलला तर टिकायचा नाही, कारण बाविसाव्या वर्षी परांचीवरून पडलात तेव्हाच हाडांना बांधून ठेवणारं आतलं लिगामेंट तुटलंय. म्हणून दोन्ही एकाच वेळी. अर्धा गुडघा नवा, आणि मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन त्याचं लिगामेंट नवं."

"मग गुडघ्यावर बसता येईल?"

"चालाल, जिने चढाल. गुडघे टेकून दिवसभर काम... शब्द देत नाही."

झालं! केलं तर धंदा जातो, नाही केलं तर पाय. तेव्हापासून याला धड झोप नाही.

इतक्यात मेव्हणा दारात. "काय भाऊजी, स्वतःलाच कोंडून घेतलंत? ताईनं शिक्षा केली वाटतं!"

"जा, तुझं काम बघ."

"झालं माझं. चला, चहा घेऊ."

"येतो नंतर."

"नंतर म्हणजे उद्या? हे वाळेपर्यंत तिथंच बसणार?" मेव्हणा हसला, आणि मग त्याला तो पाय दिसला. हसू गेलं. "सरळ करा बघू."

"होत नाही."

"होत नाही म्हणजे?"

मग काय, सगळं बाहेर आलं. अर्धा गुडघा, लिगामेंट, गुरुवार, मलम, सगळं. मेव्हणा दारात उकिडवा बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आणि मी तुम्हाला आळशी म्हणत होतो दोन महिने."

"दोन ओळी काढ," फरशीवाला म्हणाला.

"काय?"

"भिंतीकडच्या. वाट रुंद कर. मला घसपटत यावं लागेल."

"अहो, सकाळपासून बसवल्यात! एक केस जाणार नाही अशी सांध बसलीय!"

"काढ म्हणतो ना!"

मेव्हण्यानं थापी घातली आणि पहिली लादी उचलली. चप्प असा आवाज झाला. फरशीवाल्यानं तिकडे बघितलंच नाही, खिशातून मोबाईल काढला. पाचला दहा कमी होते.

"हॅलो, दवाखाना? गुरुवारच्या ऑपरेशनचं... हो. करायचंय... सोबत कोण?"

"मी आहे म्हणून सांगा," लादीखालचा सिमेंटचा माल खरवडत मेव्हणा म्हणाला. "आणि ताईला तुम्ही सांगायचं. ते मी करणार नाही."

फोन ठेवला. दोन ओळी निघाल्या होत्या, पण पायाला तेवढी जागाही पुरेना.

"अजून एक?" मेव्हण्यानं विचारलं.

"काढ."