रेवणप्पानं काय सोडलं

लिंबाजी हैदराबादहून छाती शिवून आला आणि पिंगळीत नुसती झुंबड उडाली. बाया, बापे, पोरंसोरं, झाडून सगळे खाटेभोवती! जो तो म्हणे, सदऱ्याच्या गुंड्या काढा, बघू. लिंबाजीनंही पहिल्या दिवशी हौसेनं दाखवलं. गळ्याखालून पोटापर्यंत सरळ रेघ, जणू कुणी नव्या नांगरानं पहिलं तास घातलंय. पायाची शीर काढून काळजाला जोडली हे ऐकून तर लोकांनी तोंडात बोटंच घातली. "म्हंजी आता पाय दुखला की काळीज दुखंल का हो?" असंही एकीनं विचारलं!

मग गर्दी ओसरली. उरली ती खाट, चिंचेची सावली आणि एक उशी.

ही उशी म्हणजे साधीसुधी नव्हे. दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजावलं होतं, छातीचं हाड तारेनं बांधलंय, खोकला आला, शिंक आली, हसू आलं, की उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळायची. लिंबाजीला खोकला येई, शिंकही येई. हसू मात्र येईना. येणार तरी कुठून?

घरात सगळे कुजबुजत बोलत. पोरांनी आरडाओरडा केला की त्याची बायको नर्मदाबाई धावे, "हळू रं! त्यांचं काळीज हाय!" जसं काही बाकीच्यांना काळीज नव्हतंच. तिचीही काय चूक म्हणा. मोठ्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "अम्मा, इनका दिल बहुत थका हुआ है." काळजाचा पंप निम्म्याच जोरानं चालतोय, अशी छाती उघडण्यात धोका, आणि न उघडण्यात त्याहून मोठा. छाती उघडली, नीट मिटलीही. पण नर्मदाबाईच्या कानात पहिला धोकाच बसला होता. ती त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. लेक जिंतूरला दिलेली, तीही येईना, कारण विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदापायी एस.टी. कधी सुटे, कधी नाही.

आणि रेवणप्पा?

रेवणप्पा किराणा दुकानदार, लिंबाजीचा लहानपणापासूनचा जोडीदार. निजामाच्या वेळी दोघांनी एकाच मौलवीसाबांची छडी खाल्लेली. तेव्हापासून रोज एकमेकांची खेचल्याशिवाय दोघांना जेवण गोड लागत नसे. लिंबाजी गाडी जुंपून दुकानावरून निघाला की आतून आरोळी ठरलेली, "अय लिंब्या, बैलाला म्हणावं, मालकाला नीट घरी ने!" लिंबाजीही कमी नव्हता. "तुजा अंगठा तराजूला चिकटूनच जलमला व्हता का रं?"

तोच रेवणप्पा आता एक दिवसाआड यायचा, हात जोडून खाटेच्या कडेला बसायचा आणि म्हणायचा, "कसं हाय लिंबाजीराव? आराम करा. येतो मी."

लिंबाजीराव! भूल द्यायला आले तेव्हासुद्धा लिंबाजी इतका घाबरला नव्हता. आपल्याला कुणी न सांगितलेलं काहीतरी रेवणप्पाला ठाऊक आहे का? का आपण नुसते नावालाच जगलोय, म्हणून मेलेल्या माणसाशी बोलावं तसं हा बोलतोय?

एका सकाळी नर्मदाबाई विहिरीवर गेलेली बघून लिंबाजी उठला. उशी काखेत मारली आणि थांबत, दम घेत दुकानाशी पोचला.

"काय रं, अंगठा सोडवून घेतलास का तराजूचा?"

रेवणप्पाचे ओठ हलले. डोळे क्षणभर चमकले, अगदी पूर्वीसारखे. मग त्यानं मान खाली घातली. "बसा लिंबाजीराव. उन्हाचं कशाला आलात?"

"रेवण्या, टाके छातीला पडलेत, कानाला न्हाई. एक शिवी दे. ही बघ, उशी आणलीय हसायला!"

"न्हाई हो."

"मी मेलोय असं धरून चालायलास का?" लिंबाजीला दम लागला. तो जायला वळला.

आतून रेवणप्पाची बायको बसम्मा पदर सावरत आली. "थांबा भाऊजी. ते न्हाई सांगायचे, मीच सांगते. त्यांनी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"तुमची थट्टा."

लिंबाजी परत दुकानाकडं वळला.

"तुमचं आप्रेशन व्हतं त्या दिशी ह्यांनी अन्नाला हात लावला न्हाई. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले. मी म्हणलं, नवस बोला, कायतरी सोडा. लोक वांगं सोडतात. तर म्हणले, वांगं मला आवडतंच न्हाई, ते सोडून महादेवाला फसवू का? जिवापाड आवडतं तेच सोडाया पायजे."

"अन् किती दिसांसाठी?"

"जलमभरासाठी," रेवणप्पा पुटपुटला.

लिंबाजी पोत्यावर टेकला. म्हणाला, "येड्या, गूळ सोडायचा व्हता."

"तराजूत तुमच्यासमोर गूळ लय हलका पडला असता."

"मोड तो नवस. मला काय व्हत न्हाई."

रेवणप्पानं हात जोडले. "तुमचं काळीज निम्म्या जोरावर चालायलंय. बाकीचं निम्मं ह्या नवसावर असलं तर? न्हाई मोडायचा मी."

लिंबाजीनं उशीची शिवण चाचपली. मग एकदम ताठ झाला.

"बरं. नवस तू बोललास, मी न्हाई. रेवण्या, तुजं पोट बघून गणपती लाजंल!"

आणि तो थांबला. उत्तराची जागा तशीच मोकळी राहिली. कुणी ती भरेना, तेव्हा रेवणप्पासारखा आवाज काढून त्यानंच भरली, "'अन् लिंब्या, तुला बघून बुजगावणं म्हणंल, माजा भाऊ आला!'"

रेवणप्पानं नाक मुरडून मान हलवली.

"का रं?"

"इतकं मिळमिळीत न्हाई बोललो असतो मी."

"मग काय बोलला असतास?"

रेवणप्पाचं तोंड उघडलं. आता येतंय, आता येतंय असं वाटलं. त्यानं तोंड मिटलं, धोतराच्या सोग्यानं तराजूची रिकामी पारडी पुसली आणि पुसतच राहिला.

"उद्या येतो," लिंबाजी म्हणाला. "दोघांचं मीच बोलीन. चुकलं तर मान हलव."

रेवणप्पानं मान डोलावली.

परतीच्या वाटेवर कडुनिंबाच्या वळणाला लिंबाजीचे पाय आपोआप थांबले. इथंच तर मागून ती आरोळी येऊन गाठायची. त्यानं कान दिला. लांब स्टेशनावर मालगाडीचे डबे आदळत होते, बाकी सगळं गप्प.

"अय लिंब्या," तो हळूच स्वतःशी म्हणाला, "उशीला म्हणावं, मालकाला नीट घरी ने."

आणि हसू आलं. भर रस्त्यात, एकट्याला. त्यानं घाईघाईनं उशी छातीशी धरली, दोन्ही हातांनी, घट्ट.