केरबानं ताणलेली सावली

बायको राजाबाई गेली आणि केरबाला घर खायला उठलं. दारातून आत शिरताना तो अजून आवाज द्यायचा, मग ओ कुणी देत नाही म्हणून तसाच बाहेर यायचा. शेवटी त्यानं मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि पैठणच्या धरणाच्या काठी फकिराच्या होडीत राहायला गेला.

फकिरा त्याचा जुना दोस्त, जातीचा भोई. त्यानं इंजिनाची होडी घेतल्यापासून जुनी शिडाची होडी काठावर बांधून पडली होती. तिथं पाण्याच्या वळणात मासेमारांच्या बऱ्याच होड्या असत. हंगामात त्यांचं रांधणं, झोपणं, भांडणं, सगळं होडीतच चाले.

"पवता येतं का?" फकिरानं विचारलं.

"मला राहायचंय, पवायचं कुठंय?" केरबा म्हणाला.

राहणंही सोपं नव्हतं. माळावर आयुष्य काढलेला माणूस. भाकरी थापायला बसला की पिठाची परात आपोआप दुसऱ्या टोकाला जायची. तो तिच्यामागं गेला की होडी तिकडं कलायची आणि चुलीचं घमेलं त्याच्यामागं यायचं.

पहिल्याच रात्री त्यानं होडी काठावरच्या बाभळीला आखूड बांधली. बोकडाला बांधतात तशी, दुसऱ्याच्या रानात जायला नको म्हणून. रात्रीतून कालव्याला पाणी सुटलं, धरणाचं पाणी उतरलं. सकाळी होडीचं नाक बाभळीला टांगलेलं आणि केरबा, घोंगडी, तवा नि डाळीचं गाडगं शेपटाकडं एका ढिगात.

शेजारच्या होडीतून दगडाबाईनं पाहिलं. फकिराची ही थोरली बहीण, तोंडानं फटकळ.

"केरबाभाऊ, होडी वाळत घातली व्हय?"

केरबा सांडलेली डाळ गाडग्यात भरू लागला. राजाबाई गेल्यापासून फकिरा सोडला तर तो कुणाशीच हूं-नायच्या पुढं बोलत नसे. फकिरानं समजावलं, "दोर सैल सोड रं. पाणी चढतं-उतरतं." केरबानं मुकाट्यानं होता तेवढा दोर सोडून दिला.

अशात वच्छलेचा निरोप आला. वच्छला त्याची एकुलती लेक, औरंगाबादला गारखेड्यात राहायची. रविवारी न्यायला येते, बोचकं बांधून ठेवा. राजाबाईच्या तेराव्यानंतर केरबा तिथं राहून आला होता. लेक-जावई दोघं नोकरीवर, पोरं शाळेत. दिवसभर तो भिंतीकडं बघायचा आणि भिंत त्याच्याकडं. पण लेकीला नाही कसं म्हणायचं? आपलं इथं झकास चाललंय हे तिनं डोळ्यानं बघावं, एवढाच उपाय होता.

रविवारी त्यानं होडी धुतली. मुरमुऱ्याचा चिवडा आणून ठेवला. वच्छला पदर सावरत, जीव मुठीत धरून होडीत बसली.

"आबा, ही काय राहायची जागा हाय? ऊन किती लागू राह्यलं इथं!"

लेकीला ऊन लागतंय म्हटल्यावर केरबा उठला. माळावर घोंगडी ताणून सावली करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. इथं तर भलं मोठं शीड होतं. त्यानं ते डोलकाठीवर ओढलं आणि चारी अंगांनी गच्च बांधलं. छान सावली पडली.

"बघ," तो म्हणाला.

तेवढ्यात वारा आला.

होडी निघाली ती सगळा दोर संपेपर्यंत. दोर संपला तसा हिसका बसून ती गर्रकन फिरली आणि काठच्या उथळ पाण्यात बांबू रोवून वाळत घातलेल्या दगडाबाईच्या जाळ्यांत शिरली. बांबू मोडले, जाळं टरटर फाटलं. मग तिच्या होडीला धडक बसली आणि चुलीवरचं कालवण पाण्यात गेलं. वच्छला चिवड्यासकट कमरेइतक्या पाण्यात.

"अरे मेंढक्या!" दगडाबाई उलथनं घेऊन उभी राहिली. "डोळे हायेत का बटनं लावलीत? शिडाची सावली करतंय का कुणी?"

"मग तुझ्या तोंडाची करू?" केरबा ओरडला. "तीबी लांबरुंद हायेच की!"

"माझं जाळं फाडलं!"

"रस्त्यात जाळं घालतीस कशाला?"

"पाण्यात कुठला रं रस्ता?"

"मंग मला काय माहीत? मी मेंढरावाला माणूस!"

काठावर फकिरा पोट धरून हसत होता. वच्छला पाण्यातच उभी राहिली होती. आई गेल्यापासून आबांचा असा चढलेला आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. घरी आई नि ते असेच एकमेकांवर तुटून पडायचे आणि लगेच जेवायला बसायचे.

भांडण थोडं निवल्यावर ती म्हणाली, "मावशी, ह्यांना न्यायला आले होते मी."

"न्यायला? जाळं शिवल्याबिगर मी याला हलू देणार नाय! आन् ह्याच्या हातानं शिवून होस्तोवर तुझी पोरं लग्नाला येतील."

वच्छलेनं आबांकडं पाहिलं. आबा पाण्याकडं पाहत होते.

"मग राहू द्या," ती म्हणाली. पदर पिळला आणि बसच्या वाटेला लागली.

केरबानं लगेच सुई-दोरा मागितला. येत होता तोच टाका त्यानं घातला, घोंगडीचा, घट्ट. दगडाबाई वाकून बघू लागली.

वच्छला चढण चढत होती तर मागून दगडाबाईचा आवाज आला, "अरे बाबा, ह्यात मासा तर सोडच, पाणीबी शिरायचं नाय!"