उजेडातलं पाखरू

“मागे वळून बघायचं नाही हं. जो मागे बघेल, त्याला पाखरू दिसणार नाही.”

हा आवाज बाबांचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी पायात चपला अडकवता अडकवता ते आम्हाला बजावायचे आणि आमच्या दोन तास आधी घरातून निघायचे. बाबा थिएटरात सिनेमाच्या यंत्रावर ऑपरेटर होते. सगळ्या गावाला सुट्टी, तेव्हा त्यांचं काम. त्यामुळे सुट्टीत सिनेमाला जाणं म्हणजे आमच्या घरी बाबांकडे जाणं. आई, मी आणि धाकटा चौथ्या रांगेत कडेला बसायचो. बाबा आमच्या पाठीमागे, उंचावर, भिंतीतल्या वीतभर खिडकीआड. चौघंही एका छपराखाली, पण एका रांगेत कधीच नाही.

सुट्टीत मालक सिनेमाच्या आधी जादूगार आणायचा. पडद्यापुढच्या अरुंद मंचावर अर्धा तास तो रुमाल गिळायचा, टोपीतून कबुतर काढायचा, पुढच्या रांगेतल्या एखाद्या काकांच्या कानातून अंडं काढायचा. मग दिवे जायचे. वरून नुसता पांढरा उजेड पडद्यावर पडायचा. चित्र नाही, आवाज नाही. आणि त्या कोऱ्या उजेडात एक पाखरू यायचं.

अंगठ्याला अंगठा अडकवून केलेलं, मोठ्ठ्या पंखांचं. डावीकडून यायचं, दोनदा पंख फडफडवायचं, आमच्या बाजूच्या कोपऱ्यात क्षणभर टेकायचं, मान वाकडी करायचं आणि भुर्र. थिएटरभर टाळ्या. लोकांना वाटायचं, हाही खेळातलाच भाग. आम्हाला ठाऊक होतं, ते आमच्यासाठी आलंय. आई तेवढ्यात पुटपुटायची,

उजेडाच्या फांदीवर बस रे पाखरा,
चौथ्या रांगेत बसलाय तुझा सारा पसारा.

“मी नाहीये पसारा!” धाकटा दर वेळी भांडायचा.

“तू तर पसाऱ्यातला पसारा,” आई म्हणायची, आणि सिनेमा सुरू व्हायचा.

मी नऊ वर्षांची होते, तेव्हाची गोष्ट. त्या सुट्टीत जादूगाराने तीन पितळी पेले आणले होते. एका पेल्याखाली लाल गोळी ठेवायची, तिन्ही पेले सरसर इकडचे तिकडे करायचे आणि विचारायचं, सांगा गोळी कुठे? मी डोळ्याची पापणी न लववता बघत होते, तरी तिन्ही वेळा चुकले. डोक्यात तेच पेले फिरत होते. तेवढ्यात आईने चहाचा थर्मास माझ्या हातात दिला. “जा, वर देऊन ये. लगेच परत ये.”

वर गेले. लोखंडी जिना, तापलेल्या तेलाचा वास, दोन भली मोठी यंत्रं. भिंतीलगत बुटक्या बाकड्यावर रिळांचे पत्र्याचे डबे एका ओळीत, झाकणं काढून ठेवलेले. बाबांची रीत अशी, की खेळाआधी एकदाच डब्यांवरच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाचायच्या, डबे डावीकडून उजवीकडे क्रमाने लावायचे आणि मग चिठ्ठीकडे बघायचंसुद्धा नाही. अर्धझोपेत हात उशाच्या पाण्याकडे बरोबर जातो ना, तसा त्यांचा हात अंधारात पुढच्या डब्यावर जायचा.

बाबा खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून, चेहरा जरासा कडेने दिसेल असे उभे होते. भिंगापुढे हात धरून पाखरू करत होते. त्या दिवशी मी पाखरू पाहिलं नाही, ते करणारा माणूस पाहिला. लहान पोर अक्षर गिरवताना धरतं तसं जिभेचं टोक दातांत धरलेला आणि स्वतःशीच हसणारा.

यंत्राच्या घरघरीत त्यांना माझी चाहूलही लागली नाही. मी थर्मास खाली ठेवला आणि बाकड्यापाशी उकिडवी बसले. मधले तीन डबे, चौथा, पाचवा, सहावा. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. सांगा बरं, लाल गोळी कुठे? सांगणारं कुणी नव्हतं. मीच चुकले, मीच हसले, डबे होते तसे लावले आणि धडाधड जिना उतरून खाली आले. म्हणजे, मला वाटलं, होते तसे लावले.

सिनेमा नवा होता, पहिलाच खेळ. त्यात एक आजी होती, खडूस आणि गोड. तिसऱ्या रिळानंतर ती एकदम अंथरुणावरच दिसली. ही कधी आजारी पडली, असं लोक एकमेकांना विचारताहेत, तोवर ती गेलीसुद्धा. थिएटर हुंदक्यांनी भरलं. आई रुमाल शोधत होती. धाकटा माझ्या दंडाला चिकटून मुसमुसत होता. आणि मग पुढचं रीळ सुरू झालं. त्यात तीच आजी ठणठणीत, कमरेवर हात ठेवून नातसुनेला झापत होती, “मेलं कुणी नाहीये अजून, स्वयंपाकाला लागा!”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “म्हातारी उठली रे!”

शिट्ट्या, पाय आपटणं, हसणं. रुमाल डोळ्यांना तसाच लावून आईही हसत होती. मला मात्र हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर ते तीन डबे फिरत होते. मी उठले आणि जिन्याकडे पळाले.

मालक माझ्या आधी वर पोचला होता. दार सताड उघडं.

“पाखरं उडवायला ठेवलंय का तुला इथे?”

“चूक झाली, मालक,” बाबा म्हणाले. “माझं लक्ष नव्हतं. डबे लावताना घोळ झाला असणार.”

जिन्याच्या चौथ्या पायरीवर मी उभी होते. तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

त्या दिवशी जेवताना बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाच्या हातांकडे पाहावं तसं. म्हणाले, “हातांना खेळ सुचला, की डोळ्यांचं काम राहून जातं.” पुढच्या सुट्टीत जादूगार आला, दिवे गेले, पांढरा उजेड पडद्यावर पडला आणि कोराच राहिला. आईने “उजेडाच्या फांदीवर” म्हणायला सुरुवात केली, आणि ती अर्ध्यावरच थांबली. मी मागे वळून पाहिलं. भिंतीत उजेडाचं एक भोक होतं, बस्स.

तेव्हापासून बाबा प्रत्येक चिठ्ठी तीनदा वाचू लागले. मग घराचं कुलूप तीनदा ओढून बघू लागले. मग गॅसचं बटण, पाण्याचा नळ, आमची दप्तरं. “बाबा, सोडा त्या कुलपाला, घाबरलंय बिचारं,” धाकटा म्हणायचा. सगळे हसायचे. मी पण हसायचे, आणि दुसरीकडे बघायचे.

सांगितलं का नाही? आधी भीती होती. मग वाटलं, मोठी झाले की सांगेन. मोठी झाले तेव्हा बाबांचा सावधपणा घराच्या भिंतीसारखा उभा राहिला होता, आणि त्याच्या पायातली वीट माझ्याकडे होती. सासरी निघताना एकदा बोलायला गेले, तर माझ्या पाठीवर थोपटून बाबाच म्हणाले, “कळलं, कळलं. येत जा अधूनमधून.” काय कळलं होतं त्यांना? काहीच नाही. मग आई गेली. ते कडवं अर्धंच ठेवून गेली.

यंदा सुट्टीत धाकट्याने तिकिटं काढली. तेच थिएटर, खुर्च्या तेवढ्या नव्या. आधी जादू, मग जुना सिनेमा, सुट्टीनिमित्त खास. “बाबा, आयुष्यात एकदा तरी खाली बसून सिनेमा बघा. घरी थांबायला नसतं निमित्त शोधू नका, कुलूप मी तीनदा ओढलंय.”

शेवटची रांग मिळाली, बाबांच्या खिडकीच्या बरोबर खाली. बाबा मधोमध, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी लेक. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण आठ वर्षांत ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते. हल्ली हात थरथरतात. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. ते कुणाला दिसू नये, म्हणून ही युक्ती.

बाबा दर दोन मिनिटांनी मागे बघत होते.

“आजोबा, मागे बघायचं नसतं,” भिंगरी म्हणाली. “आईने सांगितलंय मला. मागे बघितलं, की पाखरू येत नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

“अगं, यंत्राचा आवाजच येत नाही,” ते पुटपुटले. “चालू आहे की बंद, कळायचं कसं माणसाला?”

जादूगार आली. तरुण पोरगी होती, चटपटीत, बोलकी. तिने रुमाल काढले, छत्री काढली, आणि शेवटी, माझं नशीब, तीन पेले काढले. भिंगरी खुर्चीवर उभी राहून ओरडली, “मधला! मधला!” गोळी डावीकडे निघाली. “फसवलंन!” ती म्हणाली आणि पुन्हा ओरडली, “उजवा!” चाळीस वर्षांत मी कुठेच गेले नव्हते, त्या चौथ्या पायरीवरच उभी होते.

टाळ्या झाल्या, जादूगार पोरगी गेली. दिवे गेले. आणि आमच्या डोक्यावरून, अगदी केसांना लागेल असा, पांढरा उजेड निघाला आणि पडद्यावर जाऊन पडला. कोरा.

भिंगरीने लगेच हात वर केले. पडद्यावर काहीतरी जाडजूड, काळं आलं.

“ही काय, पालथी घातलेली कढई?” धाकटा पलीकडून म्हणाला.

“पाखरू आहे ते!”

“तळलेलं दिसतंय.”

पुढच्या रांगांत खसखस पिकली. भिंगरीचा ओठ वळायला लागला. आणि मग मी पाहिलं, बाबांचे हात मांड्यांखालून बाहेर आले होते.

“असं नाही गं. अंगठे असे अडकव. बोटं सैल सोड. हं. आता मनगटातून...” ते हात वर जाऊ लागले. छातीपर्यंत गेले, हनुवटीपर्यंत गेले. जिभेचं टोक दातांत आलं. आणि तिथेच ते थांबले.

“करा ना, आजोबा!”

“नको बाळा.” हात खाली यायला लागले. “थरथरतात बघ कसे. आणि या हातांनी एकदा फार मोठा घोळ घातलाय. या पाखरापायीच. भर थिएटरात मेलेल्या म्हातारीला उठवलं होतं मी.” ते हसले, पण आवाजात हसू नव्हतं. “तेव्हापासून माझा यांच्यावर भरवसा नाही.”

उजेड अजून कोराच होता. आता कुठल्याही क्षणी सिनेमा सुरू झाला असता. बाबांचे हात मांडीपर्यंत पोचायच्या आत मी ते दोन्ही माझ्या हातांत धरले. त्यांची थरथर माझ्या मनगटात उतरली. की माझीच त्यांच्यात चढली, कोण जाणे.

“बाबा, हात खाली घेऊ नका.”

“अगं, काय झालं? रडतेस कशाला?”

“तुम्ही डबे बरोबर लावले होते. चौथ्या जागी चौथा, पाचव्या जागी पाचवा. मी वर आले होते ना त्या दिवशी, थर्मास घेऊन. तुम्ही खिडकीशी पाखरू करत होतात, आणि मी तुमच्या मागे बसून डब्यांची जादू करत होते.”