निरगुडीच्या डालीतला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास थबकतो आणि विचारतो, "ह्याच्याखाली कोंबडी हाय का?" त्याचा दोष नाही. पिलांवर घारीनं झडप घालू नये म्हणून त्यांच्यावर एक मोठी टोपली पालथी घालतात. तिला डाल म्हणतात. माझं अंग म्हणजे तशीच डाल आहे, निरगुडीच्या फोकांनी विणलेली. तुमच्या शाळेतल्या संगणकांना पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा डबा असतो. मला डाल आहे, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला रंगनाथ नावाचा तरुण घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत असे. परभणीला त्यानं एकदा संगणक चालताना पाहिला आणि त्याच्या मनानं घेतलं की असा एक आपल्या हातानं जोडायचा, आणि गावातल्या पोरापोरींना इथंच शिकवायचा. त्याचा थोरला भाऊ पंडित शेती बघायचा. त्याची अडचणही खोटी नव्हती. वेचणी सुरू झाली की कापूस ठेवायला घरात जागा पुरत नसे.

"दसऱ्यापर्यंत तुझी मशीन चालली तर खोली तुझी," पंडितनं सांगून टाकलं. "न्हाई चालली तर कापूस पडंल हितं. मग तोंड पाडून बसायचं न्हाई."

"कबूल, दादा," रंगनाथ म्हणाला.

तो हैदराबादहून माझे भाग घेऊन आला. नाजूक भाग टॉवेलात गुंडाळून त्यानं परभणीपासून मांडीवर धरले होते. पत्र्याचं खोकं मात्र एसटीच्या टपावर बांधलं होतं. झरी गावाच्या पुढं एका खड्ड्यात गाडी आदळली, दोरी तुटली, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचं चाक खोक्यावरून गेलं.

रंगनाथची आई केशरबाई त्या चपट्या पत्र्याकडं बघत राहिल्या. "भाकर झाली की रं ह्याची. लोखंडाचंच लागतंय का?"

"तसं काई न्हाई माय. आत धूळ जाऊ ने, येवढंच."

"मंग मी इणून देते की."

ओढ्याकाठची निरगुडी कापून त्यांनी माझी डाल विणली. फ्लॉपी घालायला पुढं एक खिडकी ठेवली, तारा जायला मागं एक. रंगनाथनं लाकडी पाटावर तांब्याच्या बारीक वाटा असलेली हिरवी पाटी बसवली. तिला मदरबोर्ड म्हणतात. माझं सगळं डोकं तिथं. शेजारी विजेचा डबा आणि त्यातला पंखा. वरून डाल झाकली, बाजूला काळापांढरा पडदा ठेवला आणि बटण दाबलं. मी पहिल्याच दिवशी 'टुक' केलं. रंगनाथ जमिनीवर मांडी घालून नुसता माझ्याकडं बघत बसला.

शेजारचे आश्रुबा दारातून डोकावले. "रंगनाथ, खुडूक बसलंय का? अंडी कवा देतंय?"

"दसऱ्याला या काका. पैलं अंडं तुमाला," रंगनाथ हसून म्हणाला.

दसऱ्याला काय दाखवायचं हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. पडद्यावर एकेक रेघ उमटत पूर्ण रांगोळी तयार होईल, असा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. मग दसऱ्याच्या आधी तो सेलूला एक टीव्ही दुरुस्त करायला गेला.

इकडं केशरबाईंनी सणासाठी घर सारवायला काढलं. मित्रांनो, आमच्याकडं धान्याची विणलेली कणगी सारवल्याशिवाय वापरत नाहीत. फटी बुजल्या की धूळ नको की कीड नको. केशरबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. धूळ जाऊ ने, असं लेकानंच सांगितलेलं. त्यांनी डाल अंगणात नेली, शेण आणि पांढऱ्या मातीनं एकही फट न ठेवता लिंपली, उन्हात खडखडीत वाळवली, वर तांबड्या कावेची वेलबुट्टी काढली आणि पुन्हा पाटावर झाकली. खंडेनवमीला विळ्याखुरप्यांबरोबर मलाही हळदीकुंकू वाहिलं. इतकी सुंदर मी कधीच दिसले नव्हते, असं माझी डाल मनात म्हणाली असेल. पण माझा पंखा घाबरला होता.

रंगनाथ दसऱ्याच्या सकाळी आला. लिंपलेली डाल बघून त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"कसं दिसतंय रं?" केशरबाईंनी विचारलं.

"लय छान माय," तो म्हणाला. थोडा वेळ निभावेल, असं त्यानं धरलं.

माणसं जमली. पंडित येऊन पेटीवर बसला. रांगोळी सुरू झाली. ठिपके आले, पाकळ्या आल्या. बायका पुढं सरकल्या. आत मात्र भट्टी झाली होती. मी जीव खाऊन रेघा ओढत होतो. अर्ध्या रांगोळीवर मी थिजलो. रंगनाथनं पुन्हा सुरू केलं, तर दोन पाकळ्यांवरच अडकलो.

"अर्धवट रांगोळी, ती बी दसऱ्याला," कुणीतरी पुटपुटलं.

पंडित उठला. "बघितलं सगळ्यांनी. उद्यापासून कापूस टाकायचा हितं."

रंगनाथ मान खाली घालून उभा राहिला. कारण त्याला ठाऊक होतं. पण इतक्या माणसांत आईचं नाव घेणं त्याच्यानं होईना.

"का बंद पडलं रं? माझं काई चुकलं का?" केशरबाईंनी विचारलं.

"न्हाई माय."

त्यांना ते पटलं नाही. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. "आगं माय, तवा झालाय ह्याचा. ह्याला वारा लागतो व्हय? पिलं असती तर गुदमरून मेली असती की. रंगनाथ, तुला तोंड न्हाई का रं सांगायला?"

त्यांनी स्वतःच डाल उचलली आणि अंगणातल्या दगडावर आपटून सगळं लिंपण पाडलं, कावेच्या वेलीसकट. मी निवलो. फट न् फट मोकळी झालेली डाल पुन्हा अंगावर आली, आणि ह्या वेळी रांगोळी शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेली. "दिलं की रं अंडं," आश्रुबा म्हणाले.

सगळे पंडितकडं बघू लागले. त्यानंही डालीवर हात ठेवून बघितला. मग म्हणाला, "कापूस ओसरीवर राहील. ताडपत्री टाकू. त्याला वारा नको, ह्याला पायजे."

त्या खोलीत पुढं किती मुलं माझ्यासमोर बसून शिकली. नवे, देखणे संगणक आले आणि मी मागं पडलो, हेही खरं. पण मला कुणी गुदमरू दिलं नाही.

मुलांनो, वस्तू असो, झाड असो की माणूस, त्याला मनापासून जपा. फक्त जपण्याआधी एकदा हात ठेवून बघा, त्याला काय सोसतंय आणि काय नाही. आणि तुम्हाला सोसत नसेल, तर प्रेमाच्या माणसालाही ते वेळेवर सांगा.